गाठ वेगळी, पिशवी वेगळी

आजचा धडा बायकांच्या एका दुखण्याविषयी आहे. पण तो पुरुषांनीही वाचावा, अशी आमची विनंती आहे. घरातली बाई अंथरुणाला खिळली, की सारे घर बसते. मग ते दुखणे तिचे एकटीचे कसे?

या दुखण्याचे नाव आहे गर्भपिशवीतल्या गाठी. पाळीच्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नाहीत, असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. म्हणून बाई गप्प राहते. रक्त जात राहते. आणि एक दिवस घाईघाईने ती कुठल्या तरी कागदावर अंगठा उठवून येते. तसे होऊ नये, म्हणून आम्ही हा धडा लिहिला आहे.

दोन जावा

एका घरात दोन जावा आहेत, असे समजा. अशी घरे गावोगाव आहेत. म्हणून आम्ही त्यांना नावे दिली नाहीत.

थोरलीला पाळीत रक्त फार जात असे. सहा वर्षांपूर्वी ती तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेली. तेव्हा तिचे वय तीस होते. तिथे तिला सांगितले, "पिशवीत गाठ आहे. पिशवी काढून टाका. नाही तर पुढे कॅन्सर होईल." कॅन्सर हा शब्द ऐकून घरचे घाबरले. मुकादमाकडून उचल घेतली. थोरलीने कागदावर अंगठा उठवला. कागदात काय लिहिले आहे, हे तिला वाचता येत नव्हते. कोणी वाचून दाखवलेही नाही.

पिशवी गेली. पिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजकोष असतात. तेही काढले गेले. ही गोष्ट थोरलीला फार पुढे कळली. तेव्हापासून तिच्या अंगातून वाफा निघतात. रात्री झोप लागत नाही. हाडे दुखतात. पन्नाशीत यायचे ते तिला तिशीतच आले.

आता धाकटीला तसाच त्रास सुरू झाला. एक दिवस धुणे धुताना ती थोरलीला म्हणाली, "जाऊबाई, दहा दिवस झाले, अंगावरचं थांबंना. चार पावलं चाललं तरी धाप लागती."

थोरली म्हणाली, "मला पण असंच व्हायचं. पिशवी काढून टाक. एकदाची कटकट जाईल."

मग ती थोडा वेळ गप्प राहिली. हातातले लुगडे पिळून बाजूला ठेवले आणि म्हणाली, "पण खरं सांगू का? कटकट गेली न्हाई. दुसरी आली. तू माझ्यासारखं करू नगस. आधी विचार."

धाकटीला एकच मुलगी. तिला आणखी एक मूल हवे होते. ती साक्षरतेच्या वर्गाला जात होती. अक्षर अडखळत का होईना, पण लागत होते. तिने ठरवले, आधी सगळे विचारायचे. मगच सही करायची.

तिने काय विचारले आणि तिला काय कळले, ते आता वाचू.

गाठ म्हणजे काय?

बाईच्या ओटीपोटात गर्भपिशवी असते. एरवी ती लहान पेरूएवढी असते. मूल याच पिशवीत वाढते. पिशवीची भिंत बळकट मांसाची असते. कधी कधी या भिंतीतला मांसाचा एखादा कण वाढू लागतो. वाढता वाढता त्याची गोल, टणक गाठ होते. डॉक्टर तिला फायब्रॉइड म्हणतात. कोणाची गाठ वाटाण्याएवढी असते. कोणाची लिंबाएवढी, तर कोणाची नारळाएवढी. कोणाला एकच गाठ असते, कोणाला दहा असतात.

ही गाठ करणीने होत नाही. नजर लागून होत नाही. कोणाच्या पापानेही होत नाही. बाईच्या अंगात जे रस तयार होतात आणि ज्यांच्यामुळे पाळी येते, त्याच रसांवर ही गाठ वाढते. म्हणून पाळी चालू असते तोवर गाठ वाढू शकते. पाळी कायमची गेली, की ती बहुधा आटत जाते.

ही गाठ कॅन्सर नव्हे. गाठीसारखा दिसणारा कॅन्सर असतो, पण तो फार क्वचित आढळतो. म्हणून तपासणी करून घ्यावी. पण "आज पिशवी काढली नाही तर उद्या कॅन्सर होईल" असे कोणी सांगितले, तर घाबरून जाऊ नये. दुसऱ्या डॉक्टरला विचारावे.

पुष्कळ बायकांना गाठी असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेतल्या बायकांची एक पाहणी २००३ साली छापली गेली. पन्नाशीपर्यंत दहा जणींपैकी सात किंवा त्याहून जास्त जणींना गाठी होतात, असे तीत दिसले. त्यांतल्या अनेक जणींना काहीच त्रास नव्हता.

गाठ कोठे असते?

आपल्या घराची भिंत डोळ्यांपुढे आणा. भिंतीला फुगवटा आला तर तो तीन ठिकाणी येऊ शकतो. घराच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या मध्ये किंवा बाहेर अंगणाच्या बाजूला. पिशवीतल्या गाठीचेही तसेच आहे.

आतल्या बाजूची गाठ लहान असली तरी रक्त फार जाते. मूल राहायलाही ती अडचण करते. भिंतीतली गाठ वाढली की पाळीत कळा येतात आणि रक्त जास्त जाते. बाहेरच्या बाजूची गाठ मोठी झाली, की ती लघवीच्या पिशवीवर दाबते. मग सारखी लघवीला लागते. पोट जड वाटते.

गाठ कोठे आहे आणि केवढी आहे, यावर उपाय ठरतो. म्हणून डॉक्टरला पहिला प्रश्न हाच विचारावा, "गाठ कुठं आहे? केवढी आहे?"

डॉक्टरकडे कधी जावे?

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालली तर जावे. तासाला एक कपडा भिजू लागला तर जावे. रक्ताच्या मोठ्या गुठळ्या पडल्या, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबू नये. लघवी अडली तर त्याच दिवशी जावे. आणि पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक थेंब असला तरी दाखवावे.

धाकटी आशाताईला बरोबर घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले. रक्त तपासायला घेतले. मग सोनोग्राफी केली. पोटावर गारेगार मलमासारखे काहीतरी लावले आणि एक यंत्र फिरवले. ते दुखत नाही. पडद्यावर पोटातले चित्र दिसते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, तुम्हाला एकच गाठ आहे. मोसंबीएवढी. ती भिंतीत आहे. तुमची पिशवी चांगली आहे. पण रक्त फार कमी झालं आहे. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन बारा तरी असावं. तुमचं आठ भरलं."

धाकटीने विचारले, "बाई, पिशवी काढावी लागंल का?"

"गाठ पिशवीत आहे म्हणून पिशवी कशाला काढायची? तांदळात खडा निघाला तर तुम्ही तांदूळ फेकून देता का?"

उपाय एकच नसतो

डॉक्टरीणबाईंनी तिला पाच उपाय समजावून दिले. ते आपणही समजून घेऊ.

पहिला उपाय, काहीच न करणे. गाठ आहे पण त्रास नाही, तर तिला हात लावायचा नाही. अधूनमधून तपासायची. पाळी जायची वेळ जवळ आली असेल, तर गाठ पुढे आपोआप आटेल.

दुसरा उपाय, औषध. पाळीत रक्त कमी जावे म्हणून गोळ्या मिळतात. तांबीसारखे एक साधनही असते. त्यात औषध असते. ते पिशवीत बसवतात. काही वर्षे त्याने रक्त कमी जाते. मात्र ते असेपर्यंत दिवस राहत नाहीत. आतली गाठ मोठी असेल तर ते बसत नाही. रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्याव्यात. शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये.

तिसरा उपाय, गाठ काढणे आणि पिशवी ठेवणे. ज्यांना पुढे मूल हवे आहे, त्यांना बहुतेक वेळा हाच उपाय बरा पडतो.

चौथा उपाय, गाठीचे रक्त बंद करणे. हातातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालतात. गाठीला रक्त नेणाऱ्या वाटेत बारीक कण सोडतात. पाटाचे पाणी तोडले की वाफा सुकतो, तशी गाठ आटते. पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९५ साली या उपायाची माहिती छापली. ज्यांना पुढे मूल हवे आहे, त्यांना हा उपाय सहसा सांगत नाहीत. शिवाय तो मोठ्या रुग्णालयातच होतो.

पाचवा उपाय, पिशवी काढणे. हा शेवटचा उपाय आहे. तो कधी कधी खरेच लागतो. कॅन्सर असेल, किंवा मुले पुरी झाली आहेत, बाकीच्या उपायांनी गुण आलेला नाही आणि बाईने स्वतः समजून होकार दिला आहे, तर तो करावा. मग त्यात चूक नाही. पण तो पहिला उपाय नव्हे.

आणि पिशवी काढावी लागली, तरी बीजकोष चांगले असतील आणि वय कमी असेल, तर ते ठेवावेत. बीजकोषांतून येणारा रस हाडे आणि काळीज यांना जपतो. ते तरुणपणी काढले, की हाडे लवकर ठिसूळ होतात. थोरलीचे दुखणे तेच आहे.

गाठ काढून पिशवी राखता येते, हे कसे कळले?

लंडनमध्ये व्हिक्टर बॉनी नावाचे मोठे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या पत्नीला गाठीमुळे फार रक्त जात असे. तिची पिशवी काढावी लागली. त्यांना मूल झाले नाही. मग बॉनी यांनी निश्चय केला, की गाठी काढायच्या आणि पिशवी वाचवायची. त्यांनी त्यासाठी हत्यारे बनवली, रीत बसवली आणि शेकडो बायकांच्या पिशव्या राखल्या. १९५३ साली ते वारले. पण त्यांची रीत जगभर गेली.

बॉनी पोट उघडून गाठ काढत. त्यासाठी पोटावर मोठी चीर द्यावी लागते. पुढे जर्मनीत कील या शहरी कुर्ट झेम नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ झाले. पोट न उघडता, बारीक छिद्रांतून काम करण्याची हत्यारे त्यांनी तयार केली. १९८० साली त्यांनी दुर्बिणीने अपेंडिक्स काढले. तेव्हा बरेच डॉक्टर त्यांच्यावर रागावले. हे धोक्याचे आहे, असे म्हणाले. आज तीच रीत आपल्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत आली आहे. आपण तिला दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणतो.

दुर्बिणीचे ऑपरेशन कसे होते?

आधी पूर्ण भूल देतात. बाईला झोप लागते. मग बेंबीजवळ करंगळीच्या नखाएवढी चीर देतात. पोटात एक वायू भरतात. त्याने पोट तंबूसारखे वर उचलले जाते आणि आत काम करायला जागा होते. त्या छिद्रातून दुर्बीण आत घालतात. दुर्बिणीला कॅमेरा असतो. पोटातले सारे पडद्यावर मोठे दिसते.

मग ओटीपोटावर आणखी दोन-तीन बारीक छिद्रे पाडतात. त्यांतून लांब, बारीक हत्यारे घालतात. पिशवीची भिंत गाठीवर चिरतात. कांद्याची साल सुटावी तशी गाठ भिंतीपासून सोडवतात. मग भिंत आतून नीट शिवतात. हे शिवणे फार महत्त्वाचे असते. पुढे मूल राहिले तर त्या भिंतीला ताण सोसावा लागतो.

मोसंबीएवढी गाठ लहान छिद्रातून बाहेर कशी यायची? तिचे तुकडे करतात. पण गाठीत क्वचित लपलेला कॅन्सर असेल, तर तुकडे करताना तो पोटात पसरू शकतो. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१४ साली याविषयी इशारा दिला. म्हणून गाठ आधी एका पिशवीत घालावी आणि तिच्या आत तुकडे करावेत, हे चांगले. पाळी गेलेल्या बाईच्या गाठीचे यंत्राने तुकडे करू नयेत, असेही त्या खात्याने सांगितले. काढलेली गाठ तपासायला पाठवतात. तिचा अहवाल मागून घ्यावा.

गाठ आतल्या बाजूला असेल, तर पोटावर एकही छिद्र लागत नाही. बारीक दुर्बीण खालच्या वाटेने पिशवीत नेतात आणि गाठ खरवडून काढतात. बाई बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाते.

दुर्बिणीचा फायदा काय? जखम लहान असते. दुखते कमी. एक-दोन दिवसांत घरी जाता येते. दोन ते चार आठवड्यांत हलके काम करता येते. पोट उघडले तर सहा आठवडे तरी जातात. हातावर पोट असलेल्या घराला हा फरक मोठा आहे. तरी भरलेला हंडा किंवा जड मोळी सहा आठवडे उचलू नये. घरच्या माणसांनी तेवढे सांभाळावे.

तोटाही सांगितला पाहिजे. पोटात वायू भरल्यामुळे दोन दिवस खांदा दुखतो. रक्त जास्त जाऊ शकते. क्वचित आतडे किंवा लघवीची पिशवी दुखावते. गाठी फार असतील किंवा फार मोठ्या असतील, तर दुर्बीण चालत नाही. कधी दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावे लागते. काही वर्षांनी नव्या गाठी होऊ शकतात. आणि हे काम शिकलेल्या हातांचे आहे. म्हणून "तुम्ही अशी ऑपरेशनं केली आहेत का?" असे विचारायला लाजू नये.

घरी आल्यावर ताप आला, पोट फुगले, दुखणे वाढत गेले, रक्त फार गेले, पाय सुजला किंवा श्वास लागला, तर लगेच रुग्णालयात परत जावे.

छिद्र लहान, ऑपरेशन मोठे

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दुर्बिणीने गाठ काढता येते, तशी दुर्बिणीने सगळी पिशवीही काढता येते. अमेरिकेत हॅरी राइश नावाच्या डॉक्टरांनी १९८८ साली पहिल्यांदा तसे केले. तेव्हा कोणी म्हणेल, "काही भिऊ नका, दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, लहानसं छिद्र." पण छिद्रावरून ऑपरेशन लहान की मोठे हे कळत नाही. आतून काय काढणार, ते विचारावे. वरचा वण हळूहळू पुसट होत जातो. आत काय गेले, ते जन्मभर गेलेले असते.

हे आम्ही एवढे सांगतो, त्याला कारण आहे. २०१९ साली सरकारने बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांना विचारले. त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहांमागे जवळजवळ एक. साऱ्या देशात २०१५-१६ साली पाहणी झाली, तेव्हा १५ ते ४९ वर्षांच्या बायकांत हे प्रमाण शंभराला तीन होते.

बीडमध्ये एवढ्या का? फडावर पाळीसाठी सुट्टी नसते. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. पालावर पाणी नसते, आडोसा नसते. मग बाईला वाटते, पिशवीच नको. आणि काही ठिकाणी भीती घालून ती काढली गेली. या प्रकारानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल, असे ठरले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की गरज नसताना पिशवी काढली जाऊ नये म्हणून केंद्र सरकारने घातलेले नियम लागू करा.

सही कोणाची?

दिल्लीत १९९५ साली एक गोष्ट घडली. एका बाईची पाळी थांबत नव्हती. आत काय आहे ते दुर्बिणीने पाहायचे ठरले. तिने तेवढ्यासाठी सही केली. तिला भूल दिली. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि तिची पिशवी व बीजकोष काढले. जाग आल्यावर तिला ते कळले. ती कोर्टात गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००८ साली निकाल लागला. न्यायालय म्हणाले, की बाई सज्ञान आहे, तिला स्वतःचे कळते. तिच्या जिवाला त्या क्षणी धोका नव्हता. मग तिची संमती आईला देता येत नाही. पाहण्याची संमती म्हणजे काढण्याची संमती नव्हे.

हा निकाल आपण नीट समजून घेऊ. नवरा, सासू, आई सल्ला देऊ शकतात. पण शहाण्यासुरत्या बाईच्या अंगावरच्या ऑपरेशनला होकार तिने स्वतः द्यायचा असतो.

म्हणून सही करण्याआधी हे प्रश्न विचारा.

१. गाठ कोठे आहे? केवढी आहे? किती आहेत?
२. ऑपरेशन न करता चालेल का?
३. गाठ काढणार की पिशवी?
४. बीजकोष ठेवणार ना?
५. दुर्बिणीने होईल का? नसेल तर का नाही?
६. खर्च किती? सरकारी योजनेत बसते का?
७. पुढे मूल होईल का? किती दिवस थांबावे?

खर्चाविषयी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते तो सांगतो. महाराष्ट्रात २०२१ सालापासून असा नियम आहे, की खाजगी दवाखान्याने रुग्णांच्या हक्कांची सनद सर्वांना दिसेल अशी लावावी. दवाखान्यात गेलात की भिंतीवर ती शोधा आणि वाचा. आपला आजार समजून घेणे, आपले कागद मागणे आणि दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेणे हे रुग्णाचे हक्क आहेत.

धाकटीने काय केले?

धाकटीने तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. पालेभाजी, कडधान्य खाल्ले. हिमोग्लोबिन आठाचे अकरा झाले. मग ऑपरेशनचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी परिचारिकेने कागद पुढे ठेवला. "इथं सही करा," ती म्हणाली. नवरा पेन घ्यायला पुढे झाला. धाकटी म्हणाली, "अहो, थांबा. मी वाचते."

ती बोट ठेवून वाचू लागली. "दुर्बिणीने गाठ काढणे. गरज पडल्यास..." तिथे ती अडखळली. पुढचा शब्द तिने पुन्हा वाचला. "गरज पडल्यास गर्भाशय काढणे."

तिने डॉक्टरीणबाईंना बोलावून विचारले, "बाई, गरज म्हंजे कसली?"

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. रक्त काही केल्या थांबलंच नाही आणि जिवावर बेतलं, तरच. हजारात एखादीला तसं होतं. पण आधी सांगून ठेवणं माझं काम आहे."

"मग तसंच लिवा की बाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन घेतले आणि त्या ओळीखाली लिहिले, "फक्त जीव वाचवण्यासाठी." धाकटीने तेही वाचले. मग आपले पूर्ण नाव लिहिले. तिला वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

ऑपरेशन दोन तास चालले. गाठ निघाली. पिशवी राहिली. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. गाठीचा अहवाल चांगला आला. मुलाचा विचार सहा महिने करू नका आणि दिवस राहिले तर हे ऑपरेशन झाले आहे असे आधी सांगा, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले. बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच करायचे, हेही सांगितले. तिने ते सगळे वहीत उतरवून घेतले.

महिनाभर हंडा थोरलीने भरला. एक दिवस हंडा खाली ठेवून ती म्हणाली, "तुझा तो वर्ग कितीला असतो गं? मी पण येते."

आता थोरली रोज वर्गाला जाते. तिची गेलेली पिशवी परत येणार नाही. पण तिची मुलगी चौदा वर्षांची झाली आहे. तिच्यासाठी कागद वाचायला कोणीतरी हवे, असे थोरली म्हणते.

वाचा आणि सांगा

१. गाठ पिशवीच्या भिंतीत कोणत्या तीन ठिकाणी असते?
२. गाठीवरचे पाच उपाय कोणते? शेवटचा कोणता?
३. "दुर्बिणीचे ऑपरेशन" एवढे ऐकून होकार का देऊ नये?
४. दिल्लीच्या खटल्यात न्यायालयाने काय सांगितले?
५. धाकटी कोणत्या शब्दाशी अडखळली? तिथे थांबल्याने काय झाले?

करून पाहा

घरात दवाखान्याचा एखादा जुना कागद असेल तर वर्गात आणा. सगळे मिळून वाचू. न समजलेल्या शब्दाखाली रेघ ओढा.